वाचक विचारतात : पंखा जोरात, हवा मात्र कोमट

मार्च सरता सरता कुलरवरचे कापड निघते आणि गेल्या वर्षी झाकून ठेवलेली दुखणीही बाहेर येतात. आलेल्या प्रश्नांपैकी सात निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे, कारण निम्म्या पत्रांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला आहे.

लोखंडी डेझर्ट कुलर तीन वर्षांचा आहे, हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांच्या कागदी) पॅडचा. पंखा जोरात फिरतो, पंपही चालू असतो, पण हवा कोमट येते. पाणी बोअरचं आहे. मेकॅनिक नवीन पंप घालायला सांगतो. घालावा का? (विश्रामबाग, सांगली)

आधी पंपावर पैसे घालू नका. पंखा बंद ठेवून नुसता पंप पंधरा मिनिटं चालवा आणि मग तिन्ही पॅड बाहेरून नीट बघा. पूर्ण पॅड एकसारखा गडद, ओला दिसला पाहिजे. मध्येच फिकट, कोरडे उभे पट्टे दिसले तर दोष पाण्याच्या वाटपात आहे. हवा नेहमी सोपी वाट धरते. कोरड्या पट्ट्यातून ती तशीच गरम आत येते आणि ओल्या भागातून आलेल्या गारव्यात मिसळते.

पॅडच्या वरच्या नळीची किंवा पन्हाळीची भोकं तपासा. ती दोन-तीन मिलिमीटरचीच असतात आणि बोअरच्या पाण्यात एका हंगामात बुजतात. तारेनं किंवा दाभणानं मोकळी करा, पण मोठी करू नका. मोठी केली तर सगळं पाणी पहिल्या चार भोकांतूनच पडतं. कुलर पाणसळीत आहे का, हेही पाहा. एका बाजूला झुकलेल्या कुलरचा वरच्या बाजूचा पॅड कोरडाच राहतो.

आता मूळ कारण. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. टाकी रोज एकदा रिकामी होत असेल आणि तुम्ही वरून भरत राहिलात, तर आठव्या दिवशी त्या एका टाकीत आठ टाक्यांचे क्षार असतात. कृष्णेच्या नळाच्या पाण्यावर हे निभावतं, मचूळ बोअरवर नाही. हे क्षार पॅडच्या कागदावर पांढरी कवची धरतात, पंपाच्या जाळीत बसतात आणि नळीची भोकं बुजवतात. म्हणून बोअरचं पाणी असेल तर दर तीन दिवसांनी आणि नळाचं असेल तर आठवड्यातून एकदा तळाचं बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करायची. नुसतं वरून भरणं म्हणजे क्षार साठवणं.

साचलेलं काढायला किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरतं. पंपासाठी प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम घ्या. प्लग काढलेला पंप त्यात तासभर बुडवून ठेवा, वायरचं टोक बाहेर. मग पुढचं झाकण उघडून आतलं पंख्यासारखं चक्र काढा, जुन्या दातांच्या ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा आणि परत बसवा. चक्र बोटानं सहज फिरलं की पंप चांगला आहे. पॅडसाठी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम पुरे. पॅड अर्धा तास भिजवून झारीच्या हलक्या धारेनं धुवायचा. ब्रशनं खरवडला की कागदाच्या कडा मोडतात. हे पाणी जस्ताच्या पत्र्याच्या टाकीत मात्र ओतू नका, ते जस्त खातं. संडासाचं ॲसिड तर कुठेच नको: त्यानं पत्रा जातो आणि हनीकोंबचा चिकटवलेला कागद सुटतो.

भिजवूनही पॅड दगडासारखा कडक राहिला किंवा प्रकाशासमोर धरल्यावर भोकं बुजलेली दिसली तर तो बदला. चांगल्या पाण्यावर हनीकोंब तीन-चार हंगाम जातो, बोअरवर दोन. गवताचा पॅड दरवर्षीच बदलायचा. नवीन घेताना जुन्याची उंची, रुंदी आणि जाडी मोजून न्या. कुलर घेतानाचं माप चालत नाही, कारण चौकट बदललेली असू शकते. काही पॅडच्या दोन पदरांचा उतार वेगळा असतो, एक तीव्र आणि एक सौम्य. त्यात तीव्र उताराची बाजू बाहेरच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या दिशेला उतरती हवी. उलटा बसला की पाणी आतल्या बाजूला ओघळतं आणि पंखा ते थेंब खोलीभर फेकतो.

आमच्याकडे टँकरचं पाणी आहे. कुलर दिवसाला किती पाणी पितो? बर्फ टाकला तर पाणी वाचेल का? (जत)

तासाला दोन हजार घनमीटर हवा फेकणारा मोठा कुलर कोरड्या ४० अंशांच्या दुपारी तासाला सुमारे १२ लिटर पाणी उडवतो. ५० लिटरची टाकी चार तास पुरते, ती त्यामुळेच. वाफ होण्यानंच गारवा मिळतो, म्हणून वाफ थांबवून पाणी वाचवता येत नाही. गळती आणि शिंतोडे मात्र थांबवता येतात: फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारी तरंगती झडप) नीट बसतो का, वरची पन्हाळ ओसंडते का, हे बघा. लहान खोलीत पंखा मधल्या वेगावर ठेवला तर खर्च बराच कमी होतो.

बर्फाचा हिशेब सरळ आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना जितकी उष्णता शोषली जाते, तितकी शोषायला साधारण सात किलो बर्फ वितळावा लागतो. दोन ट्रे बर्फानं दहा मिनिटांची हौस होईल, पाणी वाचणार नाही. टाकीतून काढलेलं जुनं पाणी खारट झालेलं असतं. ते कुंड्यांना घालू नका, सडा-शौचालयाला वापरा.

वळीव पडून गेला की कुलर लावल्यावर खोली चिकट होते. खिडक्या बंद कराव्यात का? (सातारा)

उलट, उघडा. कुलर बाहेरची हवा आत ढकलतो. तिला जायला वाट नसेल तर तीच ओली हवा खोलीत फिरत राहते. कुलर खिडकीबाहेर हवा आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं. तासाला हजार घनमीटर हवेला दीड-दोन चौरस फूट उघडी जागा लागते. वळवानंतर हवाच दमट असेल तर पंप बंद करून नुसता पंखा लावा. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेत चांगला कुलर २६ अंशांच्या आसपास हवा देतो. ३५ अंश आणि ५० टक्क्यांत २८. पण ३२ अंश आणि ७५ टक्क्यांत कसाबसा २९. तेव्हा पाणी चालू ठेवून मिळतो तो फक्त ओलावा. फलटण, माण किंवा आटपाडीत कुलर जितका शोभतो तितका जूनच्या साताऱ्यात शोभणार नाही, त्यात कुलरचा दोष नाही.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही. काठीनं ढकलला की चालू होतो. मोटर गेली का? (मिरज)

बहुधा कंडेन्सर (मोटरला सुरू होताना जोर देणारा विजेचा लहान डबा) गेला आहे. पण आधी प्लग काढा आणि हातानं पाती फिरवून बघा. दोन-तीन फेरे मोकळी फिरून थांबली तर कंडेन्सर. एका फेऱ्यातच अडखळली तर बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) सुकले आहेत. त्यांना शिलाई मशीनचं तेल दोन्ही बाजूंना चार-चार थेंब द्या. खोबरेल घालू नका, ते धुळीत चिकट होऊन बुश आणखी जाम करतं.

कंडेन्सरला हात लावण्याआधी, प्लग काढलेला असला तरी, प्लास्टिक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं त्याची दोन टोकं एकदा जोडून साठलेला विद्युतभार सोडा. वायरींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. अंगावर २.५ किंवा ४ मायक्रोफॅरड असं काही छापलेलं असतं, ४४० व्होल्ट. तोच आकडा घ्या. ‘जास्तीचा घाला, पंखा जोरात फिरेल’ असं सांगणारे भेटतात. जास्तीच्या कंडेन्सरनं वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं आणि शंभराची बचत हजाराला पडते. नवीन कंडेन्सर घालूनही मोकळी मोटर गुणगुणतच राहिली, तर मात्र वायंडिंग तपासून घ्या.

कुलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की येत नाहीत. चालेल का? (तासगाव)

चालणार नाही. हे पत्र वाचून लगेच प्लग काढा, दुरुस्ती होईपर्यंत लावू नका. ओल्या हातानं, ओल्या फरशीवर, लोखंडी पत्र्याला हात लागून जीव जातात ते असेच, आणि त्याआधी बऱ्याचदा महिनाभर झिणझिण्याच येत असतात. चप्पल किंवा लाकडी फळी हा इलाज नाही.

कारणं ठरलेली आहेत: पंपाच्या वायरीचं आवरण पत्र्याच्या कडेला घासून फाटलेलं, मोटरच्या जोडणीत ओल, आणि या दोन्हींवर कळस म्हणजे अर्थिंग नाही. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात घातलेला असतो, तिथे अर्थिंग संपतं. वायरमनकडून तीन गोष्टी करून घ्या. सॉकेटला खरं अर्थिंग आहे का, हे मोजून पाहायचं. अर्थ वायर कुलरच्या पत्र्याला रंग खरवडून स्क्रूनं घट्ट जोडायची. आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवायचा. अर्थ वायर न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपला जोडून देणारा वायरमन असेल तर दुसरा शोधा. पंपाची वायर फाटली असेल तर टेप लावू नका, पंपच बदला. पाण्यात बुडणाऱ्या वायरीला टेप टिकत नाही. नवीन पंप दोनशे-चारशे रुपयांत मिळतो.

आणि टाकी भरताना प्लग काढायचाच, बटण बंद करून भागत नाही.

टाकीत अळ्या दिसतात. रॉकेल टाकावं का? पहिल्या दिवसांत वासही येतो. (कराड)

रॉकेल नको, त्याचा वास हवेतून खोलीत येतो आणि प्लास्टिक-रबराचे भाग खराब होतात. डेंगीचा डास साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून टाकी रिकामी करा. पण नुसती ओतून काम होत नाही. अंडी पाण्याच्या रेषेशी भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. त्यामुळे भिंती ब्रशनं घासायच्या, धुवायच्या आणि शक्य असेल तर तासभर उन्हात कोरड्या ठेवायच्या. हंगाम संपल्यावरही हेच, नाहीतर पुढच्या वर्षी पाणी भरताच अळ्या तयार.

नव्या गवताचा वास दोन-तीन वेळा भिजवून पाणी टाकून दिलं की जातो. जुन्या पॅडचा कुबट वास शेवाळाचा असतो. झोपण्याआधी कुलर बंद करणार असाल तर पंप पंधरा-वीस मिनिटं आधी बंद करून पंखा चालू ठेवा, पॅड सुकतो आणि वास धरत नाही.

दहा वर्षांच्या लोखंडी कुलरची टाकी कोपऱ्यांतून गळते. दुरुस्त करावा की प्लास्टिकचा घ्यावा? (फलटण)

तळाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आरपार गेलं तर तळाचा पत्रा संपला आहे, एम-सील भरून काही होणार नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून जस्ताच्या पत्र्याची टाकी करून घ्या, वरचा सांगाडा आणि मोटर चांगली असेल तर तेच स्वस्त पडतं.

टोक आत गेलं नाही तर दुरुस्ती टिकते. टाकी दोन दिवस उन्हात वाळवा, तारेच्या ब्रशनं गंज काढा, पॉलिश पेपर मारा, कोपऱ्यांत दोन्ही भाग सारखे मळलेला एम-सील बोटानं दाबून भरा. एक दिवसानंतर रेड ऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर काळ्या डांबरी रंगाचे दोन हात. तीन दिवस पूर्ण वाळू द्या. घाईत पाणी भरलं की रंगाचे पापुद्रे पंपात जातात.

प्लास्टिकचा घ्यायचाच असेल तर लिटरच्या टाकीपेक्षा हवेचा आकडा पाहा. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि निम्मी करा, तेवढे सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लागतात. दहा बाय बारा बाय दहाला ६००, म्हणजे तासाला सुमारे हजार घनमीटर. फलटणचा उन्हाळा पाहता तिन्ही बाजूंना पॅड असलेलाच घ्या. एकाच बाजूला पॅड असलेले दिसायला सुबक असतात, पण त्यांचा ओला पृष्ठभाग अपुरा पडतो. प्लास्टिक उन्हात ठिसूळ होतं, म्हणून खिडकीबाहेर ठेवणार असाल तर वर छज्जा किंवा ताडपत्री हवी, आणि ती पॅडपासून फूटभर लांब, नाहीतर हवाच आत जाणार नाही.