गाडी एक बाजूले बसनी

प्रश्न : आम्ही अमळनेर तालुक्यातले. गावातलं धाब्याचं घर पाडून नवं बांधायला काढलंय. तोवर राहायला म्हणून यांनी एक जुना सोळा फुटी ट्रेलर विकत घेतला. दोन चाकांचा आहे. आत पलंग, ओटा, न्हाणी आणि गॅसवर चालणारा फ्रीज आहे. दिवाळीत तो शेतात निंबाखाली उभा केला. गवंडी म्हणाला होता, आखाजीला नव्या घरात पुरणपोळी खाल. आखाजी होऊन गेली, अजून स्लॅब पडायचाय. म्हणजे पावसाळाही इथेच काढायचा. आता गाडी दाराच्या बाजूने झुकली आहे. आमचा सालदार म्हणाला, "गाडी एक बाजूले बसनी." गॅरेजच्या पोराने चारही कोपऱ्यांचे जॅक फिरवून ती वर घेतली, पण तेव्हापासून दार लागत नाही आणि एका खिडकीच्या कोपऱ्याला चीर पडली आहे. फ्रीज गार करत नाही. न्हाणीतलं पाणी निघत नाही, निघालं की दाराशी पडतं. तिथे मी तुळस लावली आहे. जॅक हलके असतील का? मोठे बसवावेत का?

उत्तर : ताई, मोठे जॅक बसवू नका. हलके होते म्हणून निदान खिडकीवरच निभावलं.

मी भुसावळ विभागात रुळांवर नोकरी केली. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगसोबत साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, लावलेल्या डब्यात महिनेच्या महिने राहिलो. काळ्या मातीतला रूळ पावसाळ्यात कसा बसतो, खडीतून चिखल कसा वर येतो, हे बघण्यात जन्म गेला. आमचा मेट, म्हणजे गँगचा मुकादम, नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचा : जॅक उचलायला असतो, वजन पॅकिंगवर, म्हणजे खाली भरलेल्या आधारावर, ठेवायचं असतं. तुमच्या ट्रेलरच्या कोपऱ्यांचे जॅक तर उचलायलाही नसतात. आत माणूस चालला की गाडी डुलते, ती डुलू नये एवढंच त्यांचं काम. पूर्ण वजन चाकांवर आणि पुढच्या दांड्यावर राहिलं पाहिजे. कोपऱ्यांवरून गाडी उचलली की खालची चौकट पिळवटते आणि तो पीळ आधी दाराच्या चौकटीत दिसतो, मग काचेत. म्हणून आज पहिलं काम हे करा : चाकांना ठोकळे लावा, दांडा ओढणाऱ्या गाडीला अडकवा आणि चारही जॅक पूर्ण वर घ्या. बहुतेक दार त्याच दिवशी लागायला लागेल. काच मात्र बदलावी लागेल.

आता गाडी का बसली, ते तुमच्या पत्रातच आहे. तुळस! न्हाणीचं पाणी रोज त्याच जागी पडतंय आणि त्याच बाजूचं चाक तिथून दोन हातांवर आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. वाळली की आकसते आणि हातभर खोल भेगा पडतात. तुमच्याकडे एक चाक लोण्यावर आहे आणि दुसऱ्या बाजूला निंब जमिनीतलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतोय. तिकडची जमीनही खाली जातेय, फक्त कमी. अशा जागी आज गाडी कितीही सरळ केली तरी मृगाच्या पहिल्या पावसात ती पुन्हा हलणार, आणि या वेळी कुठल्या बाजूला ते मी सांगू शकत नाही.

तेव्हा मृग लागायच्या आत जागा बदला. निंबाची सावली सोडवत नाही हे मला कळतं, मे महिना आहे. पण निदान झाडाच्या फांद्यांच्या घेराबाहेर या. दुपारच्या उन्हाला शेडनेट बांधा. केळीवाल्या कुठल्याही शेजाऱ्याकडे तुकडा मिळेल. नव्या जागी दोन्ही चाकांखाली तीन-तीन फूट रुंद पट्टे आखा आणि पुढच्या दांड्याला वेगळा जॅक असतो, त्याच्याखाली एक चौकोन. तिथली काळी माती दीड-दोन फूट काढून टाका. मुरूम भरा, पण ट्रॉली एकदम ओतून नाही. सहा इंचांचा थर, पाणी शिंपडा, धुम्मस मारा, मग पुढचा थर. जमिनीपेक्षा चार बोटं वर येऊ द्या, म्हणजे पाणी चाकाखाली थांबणार नाही. वर शहाबादी फरशी टाकली तर उत्तम. न्हाणीच्या तोंडाला पाइप जोडून पाणी पंचवीस फूट लांब, उताराच्या अंगाला न्या. तिथे पपई लावा. तुळस कुंडीत हलवा.

मुरूम भरला की गाडी आणा. येण्यापूर्वी पाण्याची टाकी रिकामी करा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, ते उगाच ओढत आणायचं नाही. आता लेव्हल. तुमच्याकडे गवंडी आहेच, त्याची दोन फुटी लेव्हल एक दिवसासाठी मागून घ्या (स्लॅबचं तर तो काही करत नाहीये). ती ट्रेलरच्या आत, दोन चाकांच्या रेषेत जमिनीवर आडवी ठेवा. बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालच्या टोकाखाली पत्ते, पुठ्ठा, काही सरकवा. समजा अर्धा इंच लागला. दोन चाकांमधलं अंतर सहा फूट असेल तर ते लेव्हलच्या तिप्पट, म्हणजे खालच्या चाकाखाली दीड इंच जाडीची फळी. गाडी थोडी पुढे घ्या, फळी ठेवा, मागे घेऊन चाक तिच्यावर चढवा. फळी टायरपेक्षा रुंद हवी. टायरची कड बाहेर लोंबत राहिली तर आतल्या तारा दुखावतात. दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि मगच दांडा सोडा. हा क्रम चुकवू नका, उतारावर सुटलेला ट्रेलर मी एकदा धरायला धावलोय आणि तो धरता येत नाही.

पुढे-मागेची लेव्हल दांड्याच्या जॅकने. या वेळी लेव्हल गाडीच्या लांबीच्या रेषेत ठेवा, फ्रीजच्या आतल्या कप्प्यावर ठेवली तर सगळ्यात चांगलं. दोन्ही बाजू जमल्या की शेवटी कोपऱ्यांचे जॅक खाली आणा. जमिनीला टेकले, हाताला जरा कडक लागले, बस. लगेच दार उघडून-लावून बघा. अडकत असेल तर कुठला तरी जॅक जास्त ताणलाय. जॅकखाली विटा नकोत. मी एकदा सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला गेलो होतो, तेव्हा माझ्या ट्रेलरचा जॅक विटेवर टेकवला. मध्यरात्री ती फुटली. ओट्यावरची शेवभाजी सौभाग्यवतींच्या अंगावर. त्या डिसेंबरपासून जाड सागवानी ठोकळे वापरतो. लाकडाला वाळवी लागते, म्हणून त्यांना जळकं ऑइल पाजून ठेवलंय.

फ्रीजचं वेगळं सांगतो. घरच्या फ्रीजसारखा त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण ज्योतीने तापवून वर चढवतात, आणि तिथून ते नळ्यांमधून उतारावरून स्वतःच्या वजनाने खाली येतं. गाडी कलली की ते मधेच एखाद्या वळणात साचतं. मग तापणारा भाग कोरडा पडतो आणि गंज धरू नये म्हणून घातलेल्या रसायनाचे खडे होऊन नळी बुजते. एकदा बुजली की दुरुस्ती नाही, मागचं अख्खं युनिट बदलायचं. आडवा तीन अंशांपेक्षा जास्त कल अशा फ्रीजला चालत नाही. तेव्हा गाडी सरळ होईपर्यंत तो बंदच ठेवा, दूध माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा. सरळ झाल्यावर एक दिवस चालवून पाहा. चाळिशीच्या वरच्या उन्हात असा फ्रीज धडधाकट असला तरी दमतो, त्यामुळे त्याची मागची जाळी पश्चिमेकडे येणार नाही अशी गाडी वळवा आणि जाळीतली जाळी-जळमटं काढा. गॅसची नळीही पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर याच फेरीत बदला.

पाऊस सुरू झाल्यावर पहिला महिना दर आठवड्याला लेव्हल बघा, पुढे दर पंधरा दिवसांनी. मुरूम भरला तरी बाजूची माती फुगणारच. थोडा फरक पडेल तो दांड्याच्या जॅकने किंवा एखाद्या फळीने निघेल. छताचे जोडही मृगाआधी तपासा. जुना चिवट मसाला भेगाळला असेल तर खरवडून काढून नवा पॉलियुरेथेनचा भरा, वरून थापू नका. या वेळी सारखी हलणार नाही गाडी.

प्रश्न : धुळ्याला आमचा ट्रेलर अंगणात चार वर्षं एकाच जागी उभा आहे. टायरची नक्षी अगदी नवी दिसते. दिवाळीत तोरणमाळला न्यावा का?

उत्तर : नक्षीवर जाऊ नका, उभ्या टायरची नक्षी झिजणार कशी? टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. समजा २३१९ असतील तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. माझ्या हिशेबाने सहा वर्षांपुढचा टायर तोरणमाळच्या घाटात न्यायचा नाही, मग तो कितीही काळा कुळकुळीत असो. वय कमी निघालं तरी बाजूला बारीक भेगा आहेत का ते बघा, चार वर्षं ऊन खाल्लंय त्याने. पुढच्या वेळी उभा करताना टायरवर गोणपाट टाका आणि दोन-तीन महिन्यांनी गाडी हातभर पुढे सरकवत जा, नाहीतर खालचा भाग चपटा होतो. निघण्याआधी चाकांचे बेअरिंग खोलून ग्रीस नवं भरून घ्या. जुनं ग्रीस इतक्या दिवसांत मेणासारखं झालेलं असतं. सोनगीरपर्यंत गेलात की थांबा आणि दोन्ही चाकांच्या मधल्या टोपीला हात लावून बघा. कोमट असेल तर पुढे शहाद्याला चहा घ्या. एका जरी बाजूला चटका बसला, तर पुढे जाऊ नका.