टाकत नाही की टाकवत नाही?

विचारणा अशी आहे: 'होर्डिंग डिसऑर्डर'वर, म्हणजे वस्तू सोडणं जड जाऊन घर भरत जाण्याच्या आजारावर, मराठीत लिहायचं आहे, 'साठेबाजीचा आजार' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. साठेबाजीत नफा आहे. माल दाबून ठेवायचा, टंचाई झाली की चढ्या भावानं बाहेर काढायचा. वर 'बाज' हे शेपूट. दगाबाज, धोकेबाज यांच्या पंगतीतलं. साठेबाजाला माल आज ना उद्या विकायचाच असतो. या आजारात वस्तू हातातून जाणं हेच तर दुखणं. नुसतं 'होर्डिंग' लिहाल तर वाचणाऱ्याला जाहिरातीचा फलक दिसेल, तेही गेलं.

'संग्रह'ही नको. संग्राहक पारखून घेतो, मांडून ठेवतो, आल्यागेल्याला कौतुकानं दाखवतो. इथे ओटा, पलंग, जिना सगळं भरून जातं, पलंगावर झोपता येत नाही आणि लाजेपोटी कुणाला घरात घेणंही नकोसं होतं.

मला 'संचयविकार' त्यातल्या त्यात बरा वाटतो. ('विकृती' मात्र नको. त्या शब्दाला आपल्याकडे भलताच वास आहे.) पण साठा हा या आजाराचा दिसणारा भाग झाला. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 'डीएसएम-५' या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत याला स्वतंत्र आजाराचा दर्जा मिळाला; तोवर तो बहुधा मंत्रचळाच्या (ओसीडी, म्हणजे तेच विचार नि त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) खात्यात जमा व्हायचा. 'डीएसएम-५'मधला याचा पहिलाच निकष साठवण्याचा नाही, सोडण्याचा आहे: वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती काढून टाकणं सतत अवघड जाणं. घर तुंबतं ते त्यापायी.

आणि इथे मराठीकडे एक सुरेख हत्यार आहे, शक्य क्रियापद, म्हणजे एखादी गोष्ट करणं जमतं की नाही हे सांगणारं रूप. 'तो टाकत नाही' म्हटलं की तो हट्टी, आळशी किंवा चिक्कू ठरतो. 'त्याला टाकवत नाही' म्हटलं की चित्रच पालटतं. समजा, हातात पेनाचं नुसतं टोपण आहे. पेन कधीच हरवलंय. तो ते कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेतो. पेन सापडलं तर? दुसऱ्या कुठल्या पेनाला बसलं तर? छातीत धडधडतं, टोपण परत खिशात जातं आणि लगेच हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच घातक, कारण पुढच्या टोपणाच्या वेळी मन तीच वाट धरतं. हे सगळं त्या एका 'व'मध्ये मावतं.

घरची माणसं वैतागून 'टाक ते!' म्हणतात. पण शक्य क्रियापदाला आज्ञार्थ नसतो. 'टाकव' म्हणून बघा, ते लगेच प्रयोजक होतं, म्हणजे दुसऱ्याकडून टाकून घे. नेमकं तेच घडतंही: माणूस बाहेर गेला की घर परस्पर रिकामं करतात. ढीग बहुतेकदा परत येतो, विश्वास मात्र जातो. उपचारांत, मुख्यतः बोधात्मक वर्तनोपचारात (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा उपचार), एकेक वस्तू त्याच्याच हातून सोडवण्याचा सराव असतो.

तेव्हा शीर्षकात 'संचयविकार' घ्या आणि पहिल्याच परिच्छेदात 'वस्तू टाकवत नाहीत असा आजार' असं एकदा उलगडून सांगा. 'होर्डर'साठी एकच शब्द शोधत बसू नका. 'संचयविकार असलेली व्यक्ती' लांबलचक आहे खरं, पण 'साठेबाज'पेक्षा परवडलं.