पैठणीच्या स्टॉलला लाईट कसले घ्यावेत, कुठे लावावेत?

ताई, तुम्ही लिहिलंय की गोरेगावला नेस्को प्रदर्शन केंद्रात पहिल्यांदाच स्टॉल घेताय, ३ मीटर बाय ३ मीटरचा. आयोजकांकडून तीन फोकस आणि एक प्लग मिळेल, तेवढ्यात येवल्याच्या पैठण्या नीट दिसतील का? नाही दिसणार. पण लाईट वाढवायच्या आधी ते कसले घ्यायचे ते ठरवा.

माझ्या दुसऱ्याच प्रदर्शनात एका काकूंना डाळिंबी कडियल पैठणी हवी होती. मी घडी उलगडली, तर स्टॉलमध्ये ती चक्क विटकरी दिसायला लागली. "जरा बाहेर उजेडात बघू का?" त्या म्हणाल्या. साडी घेऊन आम्ही दोघी हॉलच्या दारापर्यंत गेलो. रंग बघून त्यांनी घेतली, पण परत येईपर्यंत पदर बघत बसलेल्या दोघीजणी निघून गेल्या होत्या. तेव्हापासून मी एवढंच बघते, की साडी दारापर्यंत न्यावी लागू नये.

स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल कमी पडतो. कुंकवी, डाळिंबी, राणी हे रंग त्यात मरतात. दुकानात सीआरआय ९० किंवा वरचाच दिवा मागा आणि आर-९ किती तेही विचारा. सीआरआय म्हणजे दिव्याखाली आठ फिकट रंग किती खरे दिसतात त्याची सरासरी, गडद लाल त्यात धरतच नाहीत. तो आर-९ मध्ये कळतो. ५० च्या वर असेल तर खुशाल घ्या. उजेड ४००० केल्विनचा ठेवा. केल्विन कमी तर उजेड पिवळट, जास्त तर निळसर पांढरा. ३००० मध्ये जरतार छान सोनेरी दिसते, पण निळा-जांभळा मळकट होतो. ६५०० मध्ये जरतारच फिकी पडते. आणि सगळे दिवे एकाच केल्विनचे हवेत. दोन प्रकार मिसळले की एकच साडी दोन ठिकाणी दोन रंगांची दिसते.

मागच्या भिंतीवर पदर पसरून लावणार असाल तर त्याची रुंदी साधारण ४५ इंच. अडीच मीटर उंचीवर, भिंतीच्या जरा पुढे लावलेल्या, ३६ अंशांत उजेड पसरणाऱ्या एका फोकसचा गोल भिंतीवर नजरेच्या उंचीला जेमतेम अडीच फुटांचा पडतो, म्हणजे काठ अंधारात. दोन फोकस लावा, भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, एक डावीकडून, एक उजवीकडून. समोरून सरळ उजेड मारला तर जरतार नुसती पांढरी चमकते, मोराची वीण हरवते. बाजूने आला की विणीला उठाव येतो, आणि एकधोटी पैठणीत ताणा-बाण्याचे (उभ्या-आडव्या धाग्यांचे) दोन रंग चालता-चालता बदलताना दिसतात. लोक तिथेच थांबतात.

पण विक्री होते टेबलावर, आणि बहुतेक जण तिथेच लाईट द्यायला विसरतात. वरून मधोमध एकच दिवा लावू नका, वाकलेल्या गिऱ्हाइकाची सावली नेमकी साडीवर पडते. दोन बाजूंनी रुंद उजेडाचे दोन दिवे द्या. आरसा ठेवणार असाल तर त्याच्या दोन्ही कडांना उभ्या ट्यूब हव्यात. डोक्यावरच्या फोकसने डोळ्यांखाली सावल्या पडतात, आणि अंगावर पदर घेऊन बघणारीला साडीच आवडेनाशी होते.

वीज फार लागत नाही. १२ वॅटचे आठ दिवे म्हणजे ९६ वॅट. मात्र स्वतःचे लाईट चालतील का, जादा पॉइंटचे पैसे किती, हे आत्ताच लेखी विचारा. ऐनवेळी मागितलं तर बहुतेक ठिकाणी दर वाढलेला असतो. स्टॉलचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो, तेव्हा वायर तीन तारांचीच घ्या, अर्थिंग सोडू नका. हॅलोजन रेशमाजवळ अजिबात नको, फार तापतो.

निघायच्या आठवडाभर आधी दुपारी चारला ओट्यावर एक डाळिंबी साडी बघून ठेवा आणि रात्री तीच या दिव्यांखाली उलगडा. मोबाईलवर व्हिडिओही घ्या. पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर दिवा बदलून आणा, कारण गिऱ्हाईक घरच्यांना व्हिडिओ कॉल लावल्याशिवाय पैठणी घेत नाही.