टेबलावरच्या फांद्या : आधी पेरू, मग रंग

बहिणीच्या रिसेप्शनची टेबलं तू स्वतः वाळक्या फांद्यांनी सजवणार, याचा मला मनापासून आनंद झाला. सुरुवात पेरूच्या फांद्यांनी कर. साल गुळगुळीत, वळणं सुरेख, आणि बागेत छाटणी झाली की त्या फुकटही मिळतात. चाफ्याच्या निष्पर्ण फांद्या मोहात पाडतील, पण कापल्यावर त्यांतून पांढरा चीक गळतो. टेबलक्लॉथवर तो नको.

फांद्या निदान पंधरा दिवस सावलीत वाळव. खाली बारीक भुसा पडलेला दिसला तर आत कीड आहे. ती फांदी घरात ठेवूच नकोस.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: सगळ्या रंगवू नकोस. तीन फांद्यांत एक पांढरी, दोन नैसर्गिक. पांढऱ्यासाठी पातळ डिस्टेंपरचे दोन हात पुरतात. चकचकीत ऑइलपेंटने लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं. सोनेरी स्प्रे फक्त टोकांना, तोही गच्चीवर, मास्क लावून.

फांदी उभी राहणं सगळ्यात महत्त्वाचं. छोट्या मातीच्या कुंडीचं भोक चिकटपट्टीने बंद कर. दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी, पटकन ढवळ, ओत, आणि घट्ट होईपर्यंत फांदी हाताने सरळ धर. वर वाळू पसर.

समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसायला हवेत, म्हणून खालचा भाग मोकळा ठेव. वाळक्या फांद्यांजवळ मेणबत्ती अजिबात नको. सेलवरच्या दिव्यांची माळ गुंडाळ. मोगऱ्याचे गजरे मात्र पाहुणे यायच्या तासभर आधीच अडकव.