विद्यापीठाकडून येणारी सगळी परिपत्रकं आणि स्मरणपत्रं प्राध्यापकांनी वाचायलाच हवीत का?

तुम्ही लिहिलंय की रोज परिपत्रकांचा पाऊस पडतो, त्यावर स्मरणपत्रं, वर तेच पुन्हा व्हॉट्सॲपवर. मग शिकवायचं कधी? शेवटी एक टोमणाही मारलाय, 'कार्यालयाला दुसरं काम नसतं का?' मी उत्तर लिहितोय ते त्या टोमण्यामुळे. एका सार्वजनिक विद्यापीठाच्या वेतन विभागात मी कक्ष अधिकारी होतो. तुमच्यासारख्या प्राध्यापकांना वैताग आणणारी बरीच परिपत्रकं माझ्या टेबलावरून सुटली आहेत. आणि दुसरं काम विचाराल तर, उत्तर न देणाऱ्यांची यादी काढून एकेकाला फोन लावणं, हे ते काम.

सगळी वाचायची गरज नाही. शपथ, सप्ताह, वेबिनार, प्रश्नमंजूषा यांचा विषय बघा आणि पुढे जा. पण ज्या कागदाला तुम्ही उत्तर दिलं नाही तर तुमच्या वतीने परस्पर काहीतरी ठरवलं जातं, तो वाचलाच पाहिजे.

२०२३ चं उदाहरण सांगतो. त्या आर्थिक वर्षापासून आयकराची नवी प्रणाली आपोआप लागू होणारी ठरली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ५ एप्रिल २०२३ ला परिपत्रक क्रमांक ४ काढून सांगितलं की प्रत्येक कर्मचाऱ्याला जुनी हवी की नवी हे विचारा, आणि त्याने कळवलं नाही तर नवी धरून कपात करा. म्हणजे न बोलणारा नव्या प्रणालीत. जुन्या प्रणालीत मिळणारी वजावट, गृहकर्जाच्या व्याजाची दोन लाखांपर्यंत, विमा-बचतीची ८० सी कलमाखाली दीड लाखापर्यंत, सगळी त्याच्या हिशेबातून गेली.

आम्ही परिपत्रक काढलं, स्मरणपत्र काढलं, विभागांच्या ग्रुपवर टाकलं. तरी ऑगस्टचा पगार झाल्यावर एक विभागप्रमुख वेतनचिठ्ठी नाचवत आले. गृहकर्ज चालू, विम्याचे हप्ते चालू, टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला कर, मात्र नव्या प्रणालीने. 'मला कोणीही कळवलेलं नाही, लेखी द्या!' सगळा विभाग माना वर करून बघायला लागला. मी मोबाइल काढून ग्रुपवरचा तो संदेश दाखवला. खाली सरांचाच अंगठा. त्यावर सर म्हणाले, 'अंगठा दिला म्हणजे वाचलं असं होत नाही.'

यावर काय बोलणार? पूर्वी शिपाई सूचनावही घेऊन स्टाफरूममध्ये फिरायचा, तेव्हाही हेच. गप्पा न थांबवता, पान न बघता आद्याक्षरं ठोकायची. एका सरांनी तर त्यांच्याच वेतननिश्चितीच्या हरकती मागवणाऱ्या सूचनेवर 'पाहिले' असं लिहून वही परत पाठवली होती, आणि मुदत उलटल्यावर हरकत घेऊन आले. पीएच.डी. झालेले अंगठेबहाद्दर मी भरपूर पाहिलेत.

पण विभागप्रमुखांचं एक खरं होतं, आणि ते मी तेव्हाही आमच्या साहेबांना सांगितलं होतं. माझा मूळ मसुदा तीन ओळींचा होता. पहिल्या ओळीत तारीख, दुसरीत 'न कळवल्यास नवी प्रणाली लागू होईल', तिसरीत अर्ज कुठे द्यायचा. साहेबांनी लाल पेनाने फुली मारली. 'हे काय पोस्टर आहे का? कार्यालयीन भाषेत लिहा.' मग विषय झाला 'आयकर कपातीबाबत'. खाली 'वाचा' म्हणून संदर्भांची रांग, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांना कळविण्यात येते की', आणि मुदतीची तारीख गेली दुसऱ्या पानावर, 'प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव' याच्या जरा वर. साहेबांचं म्हणणं, संदर्भ आधी नसले तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. मी म्हटलं, संदर्भ खाली टाकले तर काय ते खोटे ठरतात? आजही माझं मत तेच आहे. प्रत्येक कागदावर 'अतितात्काळ' छापलं की कुठलाच तातडीचा राहत नाही, आणि लोक वाचत नाहीत म्हणून स्मरणपत्र काढणारे पहिलं पत्र कसं लिहिलं होतं हे कधी उघडून बघत नाहीत.

तेव्हा तुम्ही परिपत्रक शेवटाकडून वाचा. तारीख शोधा. मग 'अन्यथा', 'गृहीत धरण्यात येईल', 'सर्वस्वी जबाबदारी संबंधितांची राहील' यांपैकी काही दिसतंय का बघा. दिसलं तर मुकाट्याने पहिल्यापासून वाचा. नामनिर्देशनाचं, म्हणजे तुमच्यामागे तुमचे पैसे कोणाला मिळावेत ते कळवण्याचं परिपत्रक तर, तुमचं लग्न नोकरीला लागल्यानंतर झालं असेल तर, आजच काढा. पदोन्नतीसाठी कॅसचा, म्हणजे करिअर ॲडव्हान्समेंट स्कीमचा अर्जही आपणच करायचा असतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १८ जुलै २०१८ च्या विनियमांत देय तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करायची सोय आहे. 'कार्यालय बोलवेल' म्हणून वाट बघत बसलेले लोक मागे राहतात आणि मग सेवाज्येष्ठतेवरून भांडतात. आणि परिपत्रकात शासन निर्णयाचा हवाला असेल तर आमच्या सारांशावर विसंबू नका. निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो, तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ कागद बघा. आमचे सारांश साहेबांच्या हाताखालून जातात.

विभागप्रमुखांचे पैसे बुडाले नाहीत हेही सांगायला हवं. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी प्रणाली निवडता येते, जादा कापलेला कर परत मिळतो. फक्त तोवर दर महिन्याला हातात कमी येतं आणि त्याचा राग वेतन विभागावर निघतो.

हे सगळं सार्वजनिक विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयांना धरून लिहिलंय. खासगी किंवा अभिमत विद्यापीठात असाल तर सेवाशर्ती वेगळ्या असतील, आयकराचा भाग तेवढा सारखाच. कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागूच नाही, पण मानधनाचं देयक कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं ते परिपत्रक मात्र पहिल्या दिवशी वाचा. त्याला स्मरणपत्र कोणी काढत नाही.