अर्जाची पोच म्हणजे एफआयआर नव्हे : पोलीस कारभाराबद्दल वाचकांचे प्रश्न

पोलिसांच्या कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील वाचकांना धरून लिहिली आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे दिली आहेत, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची नाहीत.

प्रश्न : विहिरीवरची पाण्याची मोटर आणि केबल चोरीला गेली. ठाण्यात अर्ज दिला, प्रतीवर शिक्का मारून मिळाला. दोन महिने झाले. विचारायला गेलो की ‘चौकशी चालू आहे’ एवढेच ऐकायला मिळते. पुढे काय करू? – एक शेतकरी वाचक

उत्तर : तुमच्याकडे आहे ती अर्जाची पोच. गुन्हा नोंदवला गेल्याचा तो पुरावा नाही. अर्ज आवक रजिस्टरला चढतो आणि तिथेच पडून राहू शकतो. ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. तपास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो एफआयआरने. तिच्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष असते, कलमे असतात, खाली तुमची सही असते आणि प्रत तुम्हाला जागेवर विनामूल्य द्यावी लागते. हा नंबर हातात नसेल तर गुन्हा नोंदलेला नाही असे धरून चाला.

आता तुमचा अर्ज काढून त्यात मोटरची किंमत लिहिली आहे का ते पाहा. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. बहुतेकांना हे ठाऊक नसते. नुसते ‘मोटर चोरीला गेली’ असे लिहिले की एनसीवर बोळवण करायला वाट मिळते. मोटरची कंपनी, किती अश्वशक्तीची, अंगावरचा नंबर, केबल किती मीटर, एकूण किंमत हे सगळे लिहा. बिल जोडा; ते नसेल तर दुकानदाराकडून त्याच मोटरच्या किमतीचे लेखी कोटेशन घ्या.

‘आधी चौकशी, मग गुन्हा’ यालाही मर्यादा आहे. ज्या गुन्ह्याला ३ वर्षे किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यात कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करता येते. साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने ती यात बसते. मात्र त्यासाठी उपअधीक्षकांची पूर्वपरवानगी लागते आणि चौकशी १४ दिवसांत संपवावी लागते. दोन महिन्यांनंतर ही सबब उरत नाही. परवानगी घेतली होती का, कोणत्या तारखेला, हे लेखी विचारा.

पुढची पायरी जिल्हा पोलीस अधीक्षकांची, आयुक्तालय असेल तर परिमंडळाच्या उपायुक्तांची. विषयात ‘कलम १७३(४) अन्वये तक्रार’ असे स्पष्ट लिहा, पहिल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत जोडा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपा आणि पत्र पोहोचल्याची ऑनलाइन नोंद छापून ठेवा. हातोहात दिले तर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. एवढा आग्रह धरण्याचे कारण साधे आहे : त्यानंतरही काही झाले नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करायचा असतो, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की अधीक्षकांकडे गेलात का, पुरावा काय. या अर्जासोबत शपथपत्र सक्तीचे आहे. न्यायालय पोलिसांचे म्हणणेही विचारात घेते, त्यामुळे पहिल्या अर्जात नसलेल्या गोष्टी शपथपत्रात नव्याने रंगवू नका. तिथेच प्रकरण ढिले पडते. एफआयआर नोंदवत नाहीत म्हणून थेट उच्च न्यायालयात जाण्याचा सल्लाही काही जण देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये साकिरी वासू प्रकरणात सांगितले आहे की आधी न्यायदंडाधिकाऱ्यांचे दार ठोठवावे. तिकडे खर्च होतो आणि बहुतेक वेळा परत इकडेच यावे लागते.

दोन छोट्या गोष्टी. तक्रार ईमेलने किंवा ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. सही न केल्याने अनेक तक्रारी तशाच राहतात. आणि गुन्हा एकदा नोंदला की ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणे कलम १९३ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे आहेत. शेजारच्या भांडणाच्या केसमध्ये ‘चौकशीला या’ असा फोन येतो, सकाळी गेले की रात्रीपर्यंत बाकावर बसवून ठेवतात. नाही म्हणता येईल का? – एक वाचक, मराठवाडा

उत्तर : आधी त्यांना कोणत्या नात्याने बोलावले आहे ते ठरवून घ्या. साक्षीदार म्हणून असेल तर कलम १७९ लागू होते. लेखी आदेश लागतो आणि ६० वर्षांवरील पुरुष, १५ वर्षांखालील मुलगा, कोणतीही स्त्री, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचे. वडील स्वतःहून ठाण्यात जायला तयार असतील तर हरकत नाही, पण ती त्यांची मर्जी. हा मनाई करणारा नियम जाणूनबुजून मोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली त्या अधिकाऱ्याचा गुन्हा होतो. शिक्षा किमान ६ महिने, कमाल २ वर्षे सक्तमजुरी.

संशयित म्हणून बोलावले असेल तर मात्र गणित वेगळे. तिथे कलम ३५(३) ची नोटीस येते आणि ती पाळावी लागते. न पाळल्यास तेच अटकेचे कारण होऊ शकते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. गुन्ह्याची शिक्षा ३ वर्षांपेक्षा कमी असेल आणि व्यक्ती ६० वर्षांवरील किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

फोन आला की नम्रपणे म्हणा, ‘साहेब, नोटीस पाठवा, आम्ही हजर राहतो.’ गेलात तर आल्याची आणि निघाल्याची वेळ स्टेशन डायरीत घ्यायला सांगा, आणि घरी परतल्यावर त्याच दिवशी तारीख-वेळ घालून ठाण्याला ईमेल करा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तो ईमेल कामाला येतो.

प्रश्न : भावाला रात्री घरून नेले. कुठल्या ठाण्यात, कशासाठी, काही सांगितले नाही. अशा वेळी घरच्यांनी नेमके काय करायचे? – एक भगिनी

उत्तर : घड्याळ नेल्याच्या क्षणापासून चालू होते. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावेच लागते. अडचण अशी की अनेकदा कागदावर अटक दुसऱ्या दिवशी दुपारची दाखवतात. म्हणून तुमची पहिली धडपड नेल्याची वेळ कुठेतरी नोंदवण्याची हवी. ११२ वर फोन करून ‘माझ्या भावाला अमुक वाजता नेले, ठाणे सांगितलेले नाही’ असे सांगा. त्या फोनची नोंद राहते. मग जिल्हा नियंत्रण कक्ष. अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा पातळीवर ठळकपणे लावणे कलम ३७ नुसार सक्तीचे आहे. सोबत अधीक्षकांच्या अधिकृत पत्त्यावर चार ओळींचा ईमेल करा.

ठाणे सापडले की अटक मेमो मागा. त्यावर वेळ, तारीख आणि घरच्यांपैकी किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. तुमच्याकडून सही घेत असतील तर वेळ वाचल्याशिवाय करू नका. वेळ चुकीची असेल तर सहीशेजारी खरी वेळ लिहा. अटकेची कारणे लेखी, आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्व गुन्ह्यांना लागू केले. अटक करताना लगेच देणे शक्य नसेल तर न्यायालयात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. हा कागद मिळाला नाही तर वकिलांना पहिल्याच तारखेला सांगा, तो मुद्दा मोठा आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो.

मारहाण झाली असेल तर सांगायची जागा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरची. पोलिसांनी नेलेल्या दवाखान्यात, पोलीस शेजारी उभे असताना, बहुतेक जण ‘काही तक्रार नाही’ म्हणतात आणि तेच वाक्य वैद्यकीय कागदावर कायमचे राहते. भावाला निरोप पोहोचवा : कुठे, कशाने, कधी मारले ते न्यायाधीशांना स्वतः सांग, वळ दाखव, आणि ते रोजनाम्यात लिहून घ्यायला सांग. नव्याने वैद्यकीय तपासणीचा अर्ज वकिलांनी तिथल्या तिथे द्यावा.

२४ तास उलटले आणि पत्ताच नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे नेलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करा असा आदेश मागणारी याचिका. इथे मात्र खालच्या पायऱ्या चढत बसू नका.

एक जुनी समजूतही सोडा. अटकेचे पहिले १५ दिवस उलटले की पोलीस कोठडी मिळत नाही, हे आता खरे नाही. एकूण १५ दिवसच, पण ते तुकड्यातुकड्याने पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येतात. जामिनाचा विचार करताना हे लक्षात ठेवा.

प्रश्न : पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करायची आहे. तक्रार प्राधिकरण, मानवी हक्क आयोग, मुख्यमंत्री, सगळीकडे एकच अर्ज पाठवावा का? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : नको. सगळीकडे पाठवलेला अर्ज शेवटी ‘योग्य कार्यवाहीसाठी’ त्याच ठाण्याच्या वरिष्ठांकडे उतरतो, आणि आपण चार आवक क्रमांक सांभाळत बसतो.

प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पातळीवर त्याची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे, अधिकाराचा गंभीर गैरवापर, हे त्याचे विषय. ‘साहेब उद्धट बोलले’ किंवा ‘तपास हळू चालला आहे’ यासाठी हे दार नाही. ते अधीक्षकांचे काम. प्राधिकरण चौकशी करून अहवाल शासनाला देते, स्वतः कोणाला निलंबित करत नाही. आमच्या मते ही त्याची सर्वांत मोठी कमतरता आहे. तरीही पोलीस खात्याबाहेरच्या व्यासपीठावर अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते, म्हणून बेकायदा अटकेसारख्या प्रकरणात आम्ही हाच मार्ग आधी सुचवू.

मानवी हक्क आयोगाकडे जायचे तर घटनेपासून एका वर्षाच्या आत. राज्य आयोगापुढे प्रकरण चालू असताना राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, म्हणून दोन्हीकडे पाठवून एक वाट बंद करून घेऊ नका. आयोग भरपाईची शिफारस करू शकतो.

अधिकाऱ्यावर फौजदारी कारवाई हवी असेल तर न्यायालयच. तिथे कलम १७५(४) मुळे न्यायदंडाधिकारी त्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठांचा अहवाल आणि त्याचे स्वतःचे म्हणणे मागवतात, वेळ लागतो. खटल्याला शासनाची मंजुरी लागत असेल तर आता १२० दिवसांत निर्णय झाला नाही की मंजुरी मिळाली असे धरले जाते. विनंती शासनाला कोणत्या दिवशी पोहोचली याचा कागद म्हणूनच महत्त्वाचा.

अर्ज दोन पानांत बसवा. तारीखवार घटना, अधिकाऱ्याचे नाव किंवा बक्कल नंबर, सोबतच्या कागदांना क्रमांक. विशेषणे काढून टाका.

प्रश्न : ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण नागरिकाला मिळते का? – एक विद्यार्थी

उत्तर : मिळू शकते, पण आधी ते पुसले जाऊ नये याची तजवीज करा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोठडी, प्रवेशद्वार, व्हरांडा, निरीक्षकांची खोली असा सगळा भाग आवाजासह टिपायला आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितले. प्रत्यक्षात कॅमेरा नेमका त्या रात्री बंद असल्याचे उत्तर येते. म्हणून घटनेनंतर दोन-तीन दिवसांत ठाणे प्रभारी आणि अधीक्षकांना ‘अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, अमुक जागा’ एवढे लिहून चित्रण जतन करण्याची लेखी मागणी करा. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासोबत : १० रुपये शुल्क, महाराष्ट्रात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तराला ३० दिवस, प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तास. तपासाला बाधा येईल म्हणून नकार आला तर कशी बाधा येते हे त्यांनी सांगायला हवे, नुसते कलम लिहून भागत नाही. पहिल्या अपिलाला २० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. आणि मारहाणीत गंभीर दुखापत झाल्याची तक्रार असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाला किंवा मानवी हक्क न्यायालयालाच ते चित्रण मागवून घ्यायला सांगा. तसा अधिकार त्याच निकालाने त्यांना दिला आहे.