तालमीला दीड लाख उसने द्यावेत का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी कोल्हापूरचा, वय ४१. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. हातात ३८ हजार पडतात, बायकोच्या शिलाईचे सहा हजार येतात. घरखर्च २७ हजार, गृहकर्जाचा हप्ता साडेअकरा हजार. बँकेत साडेतीन लाखांची मुदत ठेव आहे, ती दहा महिन्यांनी संपते. मुलगी नववीत आहे. मुलगा १४ वर्षांचा, आमच्याच तालमीच्या मुलांच्या फुटबॉल संघात खेळतो (आमच्याकडे तालमी फुटबॉलचे संघ चालवतात).

गेल्या हंगामात तालमीचा खर्च १४ लाख झाला आणि जमा झाले आठ. किटवाला, मेसवाला आणि दोन खेळाडू मिळून सहा लाख देणं आहे. आता अध्यक्षांनी दहा समर्थकांकडून प्रत्येकी दीड लाख बिनव्याजी मागितलेत. पुढच्या हंगामाच्या बक्षिसांतून फेडू म्हणतात. बाहेरचे खेळाडू आणून आणून पेठेतली पोरं बाकावर बसलीत, याचं मला फार वाईट वाटतं. पैसे दिले तर निदान पोरांसाठी काही बोलता येईल. नाही दिले तर माझ्याच पोराला बाहेर बसवतील अशी भीती वाटते. ठेव मोडू का?

उत्तर:

नमस्कार. ठेव मोडू नका आणि उसने तर अजिबात देऊ नका. बारावीपर्यंत मी कोल्हापुरात होतो. शाहू स्टेडियमवर मॅच असली की वर्ग कसा रिकामा व्हायचा ते मला माहीत आहे, त्यामुळे ‘नाही’ म्हणणं तुम्हाला किती जड जाईल याची कल्पना आहे. पण तुम्ही आकडे इतके नीट लिहून पाठवलेत की त्यांच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

आधी तालमीचा हिशोब मांडू. जुनं देणं सहा लाख. येत्या हंगामाचा खर्च गेल्या वेळेइतकाच धरला तरी १४. म्हणजे २० लाख जाणार. येणार किती? नेहमीचे आठ आणि तुम्हा दहा जणांचे १५, मिळून २३. हंगाम संपला की गल्ल्यात तीन लाख उरतील आणि डोक्यावर तुमचे १५ लाख असतील. राहिलेले १२ लाख बक्षिसातून यायचेत. गेल्या हंगामात सगळ्या स्पर्धांची मिळून बक्षिसं १ लाख ८० हजार झाली, असं तुम्हीच लिहिलंय. ती दुप्पट झाली तरी जमेत १ लाख ८० हजारांचीच भर पडते. संघाने समोर येईल तो चषक उचलला तरी हे गणित जुळत नाही. अध्यक्ष खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. ईर्षेला पेटलेला माणूस आकडेही ईर्षेनेच मांडतो, एवढंच.

आता तुमच्या मनातली खरी गोष्ट, पोरं. १४ लाखांची फोड तुम्ही दिली आहे: बाहेरच्या खेळाडूंचं मानधन, खोली, जेवण, प्रवास मिळून साडेसात लाख, स्थानिक खेळाडूंना साडेतीन, किट-मैदान-प्रशिक्षक दोन, किरकोळ ४० हजार आणि मुलांच्या संघावर ६० हजार. म्हणजे शंभरातले जेमतेम चार रुपये मुलांवर. तुमचे दीड लाख याच गल्ल्यात पडले तर ते आधी किटवाल्याकडे जातील, मग मेसवाल्याकडे, आणि उरले तर नव्या स्ट्रायकरच्या उचलीत. किटवाल्याचे पैसे द्यायलाच हवेत, त्याचाही संसार आहे. पण पोरांसाठी म्हणून ठेव मोडायची आणि तिच्यातून मागच्या वर्षीच्या जर्सीचं बिल भागवायचं, हे तुम्हाला नको आहे ना?

कायद्याची बाजूही बघा. तुमची तालीम सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात कलम ३६ए आहे. त्यानुसार न्यासासाठी कर्ज काढायचं तर विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. उसने, हातउसने, बिनव्याजी, काहीही म्हटलं तरी ते कर्जच. तशी परवानगी मागितल्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. परवानगी नसताना दिलेले पैसे उद्या न्यासाकडून मागायला गेलात, तर तुमचीच बाजू लंगडी पडेल. अध्यक्ष म्हणतील, ‘मी स्वतःच्या नावावर घेतो.’ मग वचनचिठ्ठी करावी लागेल, पैसे बँकेतूनच द्यावे लागतील (वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे), आणि तीन वर्षांची मुदत संपायच्या आत दावा लावावा लागेल. ज्याच्या घरावरून रोज कामाला जाता, त्याच्यावर दावा लावणार का तुम्ही? मी तरी नसता लावला. म्हणून माझ्या लेखी हे कर्ज नाही, देणगीच आहे. फक्त तिला देणगी म्हणायला कुणी तयार नाही.

देणगी म्हणून द्यायचं ठरवलंत तर करसवलतीवर फार भिस्त ठेवू नका. तालमीकडे देणगीवर करसवलत देण्याची आयकर खात्याची मान्यता (८०जी म्हणून ओळखली जाणारी) हवी, तुम्ही जुन्या करप्रणालीत हवेत आणि रोख दोन हजारांच्या वर दिलेली रक्कम त्यात धरली जात नाही.

तुमच्या घराचं म्हणाल तर महिन्याला साडेअडतीस हजार जातात आणि साडेपाच हजार उरतात. साडेतीन लाखांची ठेव म्हणजे फौंड्री बंद पडली तर नऊ महिने घर चालेल एवढी सोय. दीड लाख काढले की ती पाच महिन्यांवर येते. ऑर्डरी कमी झाल्या की फौंड्रीत आधी ओव्हरटाइम जातो आणि मग पाळ्या कमी होतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं. शिवाय मुलगी तीन वर्षांनी बारावी होईल. दीड लाख सात टक्क्यांनी तीन वर्षं राहिले तर सुमारे १ लाख ८४ हजार होतात, आणि ते नेमके तिच्या प्रवेशाच्या वेळी हाताशी असतील. मुदतीआधी ठेव मोडल्यावर व्याजात कपात होईल ती वेगळीच. आणि पत्रात कुठेच न दिसलेली एक गोष्ट: कंपनीच्या दोन लाखांच्या मेडिक्लेमखेरीज तुमच्या घराला आरोग्य विमा दिसत नाही. उरणाऱ्या साडेपाच हजारांवर पहिला हक्क त्याचा आहे, तालमीचा त्यानंतर.

‘आपला एखादा पोरगा आयएसएलला गेला की फिफाकडून तालमीला पैसा येईल,’ असं बैठकीत सांगितलं गेलं, असं तुम्ही लिहिता. आयएसएल म्हणजे देशातली वरची व्यावसायिक फुटबॉल लीग आणि फिफा म्हणजे जागतिक फुटबॉल संघटना. हे जरा सविस्तर सांगतो, कारण अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यावरच माणूस फसतो. फिफाचा नियम असा: करार चालू असताना खेळाडू एका क्लबाने दुसऱ्याला विकला, तर त्या रकमेचे पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला विक्रीच्या रकमेचा पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा. समजा तुमच्याकडे १२ ते १५ या वयात चार हंगाम खेळलेला पोरगा पुढे ५० लाखांना परदेशी क्लबात गेला. तालमीला येतील ५० हजार. पण तो एका भारतीय क्लबातून दुसऱ्या भारतीय क्लबात गेला तर हा फिफाचा नियम तालमीला लागूच होत नाही. करार संपल्यावर गेला तर विक्रीची रक्कमच नसते, मग टक्के कशाचे? आणि हे सगळं कुणाला मिळणार, तर त्या वयात पोराची अधिकृत नोंद ज्याच्या नावावर असेल त्याला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सीआरएस नावाची ऑनलाइन नोंदणी आहे. तुमच्या तालमीची १२-१४ वर्षांची किती पोरं तिच्यात आहेत, हे बैठकीत विचाराच. हजेरीची वही त्यासाठी चालत नाही.

प्रत्येक बैठकीत अनिकेत जाधवचं नाव निघतं, असंही तुम्ही लिहिलंय. निघणारच. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपला पोरगा भारताच्या जर्सीत दिसला, ही कोल्हापूरसाठी साधी गोष्ट नव्हती. पण एका अनिकेतवर दहा घरांच्या ठेवी लावता येत नाहीत. वरचं जगही काही पक्कं नाही. आपल्याच राज्यातलं बघा: मागे महिंद्रासारखा उद्योगसमूह असलेला, राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगामच लटकला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. बड्या धन्यांची ही गत, तर बक्षिसावर कर्ज काढलेल्या तालमीची काय होईल?

मग करायचं काय? तुमच्या साडेपाच हजारांतून विम्याचा हप्ता बाजूला काढा आणि महिन्याला एक हजार तालमीला द्या, पण मुलांच्या संघाच्या नावाने. शक्य असेल तर न्यासाच्या नावावरच दुसरं बचत खातं उघडायला लावा, त्यावर दोन विश्वस्तांच्या सह्या हव्यात आणि दर महिन्याला खर्चाचा कागद पालकांच्या ग्रुपवर यायला हवा. दीड लाख मागितलेल्या दहाही जणांनी असं केलं तर वर्षाला १ लाख २० हजार होतात. आजचे ६० हजार धरून मुलांचा खर्च तिप्पट होतो, आणि कुणाचीही ठेव मोडत नाही.

त्या पैशातून पहिलं काम मुलांच्या विम्याचं करा. नवी जर्सी नंतर. गुडघ्याचा लिगामेंट गेला की ऑपरेशनचा खर्च घरावर येतो, आणि चौदा-पंधराच्या पोराचा खेळ तिथेच संपू शकतो. गटासाठी वैयक्तिक अपघात विमा मिळतो, पण घेताना दोन गोष्टी लेखी विचारा: दवाखान्याचा खर्च त्यात आहे का (बऱ्याच पॉलिसी फक्त मृत्यू आणि अपंगत्वाचे पैसे देतात), आणि स्पर्धात्मक खेळातली दुखापत वगळली आहे का. १८ पूर्ण झालेल्या पोरांना पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देते. तीही मृत्यू आणि अपंगत्वापुरतीच आहे, पण २० रुपयांसाठी कुणी अडू नये.

राहता राहिली मुलाची भीती. ती मी हसण्यावारी नेत नाही. पण दीड लाख देऊन मिळवलेली जागा किती टिकेल? पुढच्या वर्षी दुसरा बाप दोन लाख घेऊन येईल. तुमचा मुलगा सीआरएसवर आहे का बघा, जन्मतारीख आणि क्लबचं नाव बरोबर आहे का तपासा आणि नोंदीची प्रत स्वतःजवळ ठेवा. चांगला खेळत असेल तर ती नोंद घेऊन तो दुसऱ्या क्लबाचं दार ठोठावू शकतो. नसेल, तर तुमचे दीड लाख तसेही त्याला वाचवणार नाहीत.

अध्यक्षांना काय सांगू, असं तुम्ही शेवटी विचारलंय. फोनवर सांगू नका, मेसेज तर मुळीच करू नका, नाहीतर तो ग्रुपवर फिरेल. घरी जा. सोबत सहा महिन्यांच्या हप्त्यांचा सहा हजारांचा चेक न्यासाच्या नावाने घेऊन जा, आणि म्हणा: “दादा, दीड लाख जमणार नाहीत, ठेव पोरीच्या शिक्षणाची आहे. हे सहा हजार मुलांच्या संघासाठी. पावती तेवढी त्यांच्या नावाने फाडा.”